साप्रेकु

...साध्या म्हणे! मी! नाही, तुम्हीच सांगा, बघा जरा माझ्याकडे, असं सरळ बघा, चष्मा लावून बघा... हे केस बघा, हे कानातले बघा, कानातल्यांचा रंग आणि पर्सच्या पट्ट्याचा रंग जुळतोय की नाही तेही बघा, आणि मग खाली बघा, हो हो, पायांकडेच! टाच आहे ना? दीड इंच! डॉक्टरांनी सपाट घाला म्हणून सांगितलंय, मी दीडवर तडजोड केलीय, आधी तीन होती. एक्क्याण्णवाव्या वर्षी दीड इंच टाचेवर तुमच्यासमोर उभी असलेली बाई ‘साध्या’? आणि हे लिहिलं कुणी? माझ्या पोटच्या पोराने! आणि कशात लिहिलं? माझ्या निधनाच्या बातमीत!

घाबरू नका, मी आहे अजून. बातमी आधी आली इतकंच.

झालं काय, तुम्हाला सांगते, मागच्या महिन्यात मला खोकला झाला. साधा खोकला. बघा, खोकला साधा असतो, माणूस नव्हे! तर मला चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं. एक्सरेला नेताना मी म्हटलं, थांबा, लिपस्टिक लावते. तो एक्सरेवाला म्हणतो, “आजी, एक्सरेत ओठ दिसत नाहीत.” म्हटलं, तुला दिसत नसतील. लावली आणि मगच झोपले त्या थंडगार फळीवर. आता हे सगळं माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता बरं का! त्याच माणसाने संध्याकाळी घरी जाऊन लिहिलं, ‘अत्यंत साध्या’. अत्यंत!

मुलगा माझा त्रेसष्ट वर्षांचा. इंजिनिअर. आयुष्यभर पूल तपासले त्याने. पुलाला तडा दिसला की पूल पडायच्या आधी अहवाल तयार, ही त्याची नोकरी, आणि नोकरी संपली तरी खोड गेली नाही. मी खोकले, त्याने अहवाल तयार केला. बरं, केला तर केला, आपल्यापाशी ठेवावा की नाही? बायकोला दाखवायला म्हणून फोनवरून पाठवायला गेला आणि पाठवला कुठे, तर घरच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर मीही आहे! माझ्याच नातीने घातलंय मला तिथे! मी आपली हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलेय, फोन टिंग वाजतो, बघते तर काय... ‘आमच्या मातोश्रींचे दिनांक टिंब टिंब टिंब रोजी वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्या अत्यंत साध्या, प्रेमळ व कुटुंबवत्सल होत्या. त्यांच्या पश्चात मुलगा, सून व नात असा परिवार आहे.’

संपलं! एक्क्याण्णव वर्षं, तीन वाक्यं!

लगेच काढून टाकलंन त्याने. पण मी चौतीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलंय, ओल्या शाईचं पान धावता धावता वाचायची मी. सात सेकंदांत पाठ झालं मला माझं मरण. पाच मिनिटांनी फोन. आवाज असा, जणू चोरून साखर खाताना सापडलाय. “आई... तू ग्रुपवर काही बघितलंस का?” म्हटलं, “छे रे, विशेष काही नाही, माझं निधन तेवढं बघितलं.”

मग तो त-त-प-प करायला लागला. “आई, अगं, तयारी असलेली बरी... वेळेवर सुचत नाही...” मी म्हटलं, तयारीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ‘वृद्धापकाळाने’ हेही सोडून देते, पण नोकरी कुठे गेली माझी? चौतीस वर्षं एका बातमीच्या पानाची प्रमुख होते, पुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत पहिली बाई, पहिली पँट घालणारी, पहिली केस कापलेली! माझ्या टाचांचा आवाज जिन्यात आला की वरच्या मजल्यावर सिगारेटी विझायच्या! आणि साध्या म्हणे!

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका शब्दावर एवढं काय अडलंय? मेल्यावर कोण वाचायला येतंय? अहो, मी येणार नाही, पण बाकीचे वाचतील ना! आणि त्या शब्दाचं आणि आमच्या या मुलाचं जुनं आहे. ऐका.

हा होता आठ वर्षांचा. शाळेत पालकांना बोलावलेलं. आदल्या दिवशी हा माझ्या आरशाशेजारी उभा राहून हळूच म्हणतो, “आई, उद्या तू साधी येशील? सगळ्यांच्या आया येतात तशी?” मला लागलं हो. पोराला माझी लाज वाटते, हे पोराच्या तोंडून ऐकायचं म्हणजे...  दुसऱ्या दिवशी लिपस्टिक नाही, गॉगल नाही, सासूबाईंच्या सपाट चपला घातल्या, केसांना तेल चोपडलं आणि गेले. शाळेच्या अंगणात सगळ्या आयांमध्ये उभी राहिले. हा बाहेर आला. माझ्याकडे बघितलंन. आणि पुढे गेला! मला ओलांडून गेला! फाटकापर्यंत गेला, रस्ता बघितला, परत आला, पुन्हा माझ्यासमोरून गेला, आणि मग अंगणातल्या झाडाखाली बसून भोकाड पसरलंन, “माझी आई आलीच नाही!”

मी हाक मारली तेव्हा कुठे ओळखलंन. घरी येईपर्यंत हात सोडला नाही माझा. आणि घरी येऊन म्हणाला, “टकटक वाजलं नाही ना, म्हणून मला कळलं नाही.” त्या दिवशी मी ठरवलं की जगाला काय आवडायचं ते आवडो, या पोराला आई सापडली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीन इंच.

आणि हाच पोरगा, हाच, मला जाताना सपाट चपला घालून पाठवतोय! साध्या म्हणे!

घरी आल्यावर मी त्याला समोर बसवला. सून चहाचा कप घेऊन दारात, म्हणजे ऐकायला सोयीचं. नात फोनमध्ये डोकं घालून, म्हणजे तीही ऐकतेय. मी म्हटलं, “ते झाड आठवतं? मी साधी आले तर तू मला ओळखलं नव्हतंस. मग आता हे वाचून कोण ओळखणार मला?” तर याचे डोळेच भरले हो. त्रेसष्ट वर्षांचा बाप्या! म्हणाला, “आई, मी बसलो होतो लिहायला. तू कशी होतीस हे लिहायला लागलो तर... ‘होतीस’ लिहिता येईना. मग मी आजीचं काढलं आणि तेच उतरवलं.”

आजीचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं. पाकिटातून पिवळं कात्रण काढून ठेवलंन माझ्यापुढे. ‘अत्यंत साध्या, प्रेमळ व कुटुंबवत्सल.’ शब्द न् शब्द तोच.

 आणि ते कुणी लिहिलं होतं? मी!

आता सांगितलंच पाहिजे तुम्हाला. मी ज्या पानाची प्रमुख होते ना, ते कुठलं पान? निधनाचंच. चौतीस वर्षं गावातलं प्रत्येक मरण माझ्या टेबलावरून गेलं. पुरुष गेला की घरचे चार-चार कागद आणायचे, अमुक मंडळ, तमुक पदवी, करारी काय, अभ्यासू काय! आणि बाई गेली की? तिचा नवरा, तिची मुलं, माझ्यासमोर खुर्चीत बसून छताकडे बघायची. मी विचारायचे, “कशा होत्या?” “कशा म्हणजे... आई होती.” पुढे काही नाही! इकडे सहाला पान बंद. मग मीच एक ओळ करून दिली. साध्या, प्रेमळ, कुटुंबवत्सल. कुणाचं दुखत नाही, कुणी तक्रार घेऊन येत नाही. तेव्हा एकेक अक्षराचा खिळा जुळवून छपाई व्हायची, तर आमच्या खिळे जुळवणाऱ्या मास्तरांनी ती ओळ एकदाच जुळवून सुतळीने बांधून ठेवली. सोडायचीच नाही. बाईचं निधन आलं की ते तिकडून ओरडायचे, “बाई, साप्रेकु लावू?” सा, प्रे, कु! मी म्हणायचे, “लावा.” मान वर न करता म्हणायचे.

सासूबाई गेल्या त्या दिवशीही पावणेसहा वाजले होते. मास्तर स्वतः टेबलाशी आले, दबक्या आवाजात म्हणाले, “बाई... साप्रेकु?” आणि मी म्हटलं, “लावा.”

सासूबाई आणि साध्या! अहो, पत्त्यांत अकरा वर्षं फसवलं त्या बाईने मला, राणी नेहमी त्यांच्या मांडीखाली! हसायच्या तर भिंतीपलीकडची माणसं जागी व्हायची. शेजारीण म्हणाली, “तुमची सून नटूनथटून बाहेर पडते,” तर गच्चीवरून ओरडल्या, “नटते आणि कमावते, तुझी नुसतीच कुरकुरते!” माझं पोर त्यांनी सांभाळलं म्हणून माझ्या टाचा वाजल्या. आणि मी काय केलं? सुतळीने बांधलेली ओळ लावली! लाज वाटली मला, तुम्हाला सांगते. खरंच वाटली. असा संताप आला, आणि काढणार कुणावर? करणी सगळी माझीच!

पण मी स्वस्थ बसणारी नव्हे. म्हटलं, माझं मीच लिहिते. कागद घेतला, तीन पानं लिहिली, पहिलाच शब्द ‘रुबाबदार’. नातीला म्हटलं, पाठव हे त्या वर्तमानपत्राला, तारखेची जागा मोकळी ठेव म्हणावं. ती म्हणते, “आजी, आता कागद घेत नाहीत, फॉर्म भरायचा असतो.” उघडला फॉर्म. नाव, वय, परिवार... आणि मग चौकट, ‘स्वभाव, यादीतून निवडा’. पुरुषांच्या यादीत बावीस शब्द! कर्तबगार, शिस्तप्रिय, हरहुन्नरी, आणि अहो, ‘रुबाबदार’सुद्धा! स्त्रियांच्या यादीत? एक ओळ! ती कुठली, सांगायला हवी का?

नात म्हणते, “आजी, पुरुष निवडू का? रुबाबदार मिळेल.” क्षणभर मोह झाला हो, खोटं कशाला सांगू! पण आयुष्य बाई म्हणून इतकं झोकात काढलं, आता एका शब्दासाठी श्रीयुत होऊ?

मग लावला फोन तिकडे. एक गोड आवाजाची मुलगी. मी म्हटलं, “ही यादी बदला.” ती म्हणते, “मॅडम, सिस्टिममध्ये तेवढंच येतं. खूप जुनी पद्धत आहे, आमच्याकडे पूर्वी एक बाई होत्या, त्यांनी घालून दिलेली. फार कडक होत्या म्हणे, त्यांच्या ओळीला कुणी हात लावत नाही.” मी म्हटलं, “त्या बाईच म्हणाल्या, हात लावा, तर?” तर हसली. म्हणाली, “अहो, त्या कशा म्हणतील? त्या कधीच गेल्या असतील.” म्हटलं, “नाही, थोडक्यात राहिल्या. बदलायला काय करावं लागेल?” म्हणाली, “अर्ज द्या, समिती बसेल, पण तुम्हाला घाई असेल ना, मॅडम? कोण गेलंय?”

 म्हटलं, “घाई नाही. समिती बसू दे.”

तेव्हापासून दर सोमवारी फोन करते. समिती अजून बसायचीच आहे. मुलगा येऊन हळूच विचारतो, “आई, बरं वाटतंय ना?” सूप करून आणतो, पायरीवर हात धरतो, आणि टाच वाजली की उगाच हसतो. आणि भेटेल तो माणूस मला विचारतो, “आजी, एक्क्याण्णव! एवढ्या दीर्घायुष्याचं रहस्य काय हो?”

रहस्य कसलं डोंबलाचं! अहो, मी तयार होऊन बसलेय, लिपस्टिकसकट... पण जाऊ कशी? फॉर्मच भरता येत नाही!