अमर माणसाचा आवाज

नाही, मी काय म्हणतो, मरायचं नाही ना तुला? मग नऊशे वर्षं रडतोस कशाला? तुम्हाला सांगतो, एका कादंबरीचा नायक आहे... सहाशे पानांची कादंबरी, मांडीवर घेतली तर पाय बधिर होतो... त्याला एका जादूगारणीचा वर मिळतो की तू मरणार नाहीस, पण नजरेआड झालास की लोक तुला विसरतील. आता यात वाईट काय आहे? ना सासुरवाडीचं बोलावणं, ना 'ओळखलंस का' म्हणत रस्त्यात अडवणारे वर्गमित्र! पण नाही. हा दर शतकात एका बाईच्या प्रेमात पडतो, पाणी प्यायला बाहेर जातो, परत येतो, ती विचारते 'आपण कोण?' की हा चालला डोंगरावर रडायला. अहो, नऊशे वर्षांत एकदा तरी तांब्या जवळ घेऊन बसावं! तेवढी अक्कल नाही, आणि म्हणे अमर!

तुम्ही म्हणाल, एवढा राग आहे तर वाचली कशाला? वाचली नाही हो, वाचून दाखवली, पोटासाठी! कानात घालून ऐकतात ना ती ऑडिओबुकं, त्यात जो बोलतो तो मी. आख्खा उन्हाळा काचेच्या खोलीत, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. इकडे मी गळा दाटून म्हणतोय, 'हे काळा, मला पुसून टाकू नकोस...' आणि हेडफोनमधून रेकॉर्डिंगवाला शांतपणे सांगतो, 'काका, पोट वाजलं. परत घ्या.' परत काळ, परत पोट! बरं, पुस्तकावर लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, आभारात लेखकाच्या मांजराचंसुद्धा नाव. माझं? शोधा! मांजर राहिलं, आम्ही गेलो. आणि म्हणे अमर!

तेही सोडा. खरं दुखणं घरचं आहे. आमच्या हिला मी काही सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आपणहून ओळखू दे. पंचवीस वर्षं हाच आवाज ऐकतेय, जाईल कुठे? तर मेहुणीने नेमकी तीच कादंबरी हिच्या फोनवर घालून दिली. ही कानात लावून कपड्यांच्या घड्या घालत बसली आणि मी समोर पेपर धरून. पेपर उलटा होता हे नंतर कळलं, इतका जीव टांगणीला लागला होता. आता ओळखेल, मग ओळखेल... रडली हो! माझ्याच बनियनने डोळे पुसले तिने. मी हळूच विचारलं, कसं काय आहे? तर म्हणते, 'गोष्ट ठीक आहे, पण माणूस काय वाचतो! याची बायको सुखी असेल.'

मी म्हटलं, अगं, तिला तरी विचार! तर म्हणते, 'हळू बोला ना, मला ऐकू येत नाहीये.' म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच आवाजापायी, मीच गप्प! आणि म्हणे अमर!

शेवटी राहवेना. स्वयंपाक करताना तिने फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, शेवटचं प्रकरण चाललं होतं. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि फोनबरोबर, शब्दाला शब्द, श्वासाला श्वास लावून म्हणालो, 'एकदा माझं नाव घे, मग खुशाल विसर.' ती वळली. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय सांगू तुम्हाला, मी केससुद्धा नीट केले...

म्हणाली, 'नक्कल करू नका. तुम्हाला नाही जमत.'

आता दुसरा भाग आलाय, सातशे पानांचा. त्यातही हा मेला मरत नाही. मी हो म्हणून टाकलंय. काय करता... तेवढ्यापुरतं का होईना, घरात कुणीतरी माझं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकतं.