काळी वायर, चॉकलेटी वायर

मी श्रीरामपूरचाच. विहाराच्या मागं आमचं घर, आई दुसऱ्याच्या रानात कपाशी येचायला जायची आनि बाप साखर कारखान्यात गव्हानीवर, उसाच्या मोळ्या टाकायला. बापाला वाटायचं पोरगं बी कारखान्यात चिकटंल, पन मला येड दिव्याचं. ट्रक गेला की बाकीची पोरं डायवरला हात करायची, मी मागचा लाल दिवा लांबपत्तुर बघत ऱ्हायचो. बाप म्हनायचा ह्ये खुळं हाय. मग सातवीत नापास झालो आनि करीमचाचाच्या दुकानात जाऊन बसलो, ते आजपत्तुर त्याच धंद्यात हाय. गाड्यांची लाइट, हॉर्न, सेल्फ, डायनॅमो, सगळं.

चाचा मानूस कडक. शिकवायचा कमी, वरडायचा लई. पन दोन गोष्टी त्यानं डोक्यात ठोकून बसवल्या. एक, नवीन वायरिंग केलं की बॅटरीचा कनेक्टर पयल्यांदा हातानं नुसता टेकवायचा, आवळायचा न्हाई. टेकवायचा, वास घ्यायचा, काही करपलं तर लगेच उचलायचा. आनि दुसरी, गाडी पयल्यांदा रस्त्यावर निघाली की वायरिंग करनाऱ्यानं त्या गाडीत बसायचं, बॅटरीचा पाना हातात धरून, धूर निघाला तर बॅटरी लगेच सोडवायला. गिऱ्हाईक म्हनायचं, चाचा तुमी कशाला येताय? तर मला पुढं ढकलायचा आनि म्हनायचा, किया कौन? तू. तो बैठेगा कौन? तवा रंगीत वायर हितं मिळायची न्हाई, सगळी काळीच. मग वळखायला दोऱ्याच्या गाठी मारायचो. हेडलाइटला एक गाठ, हॉर्नला दोन, सेल्फला तीन. चाचा डोळं झाकून हात फिरवायचा आनि सांगायचा ह्यो हॉर्न. बरोबरच यायचं, काय सांगू तुमाला.

आता नलिनीबाईंचं सांगतो, त्यासाठीच तुमी आलाय. बाईंनी अर्ध्या श्रीरामपुराला गनित शिकवलंय. लगीन केलं न्हाई, घरात एकट्या. त्यांच्या वडलांची जुनी अँबेसिडर शेडमदी उभी, गोल चेहऱ्याची, पार पयल्या जमान्यातली. ह्या गाडीवर बाई आनि त्यांची धाकटी बहीन उषाताई, दोघी डायव्हिंग शिकल्या. उषाताई आपल्या जिल्ह्यातल्याच कर्जतला दिली. आता तिचं पाय गेलेत, छातीबी धड न्हाई, आनि फोनवर एकच धोशा, नलू, गाडी हाय का गं अजून, मला एकदा तिच्यात बसव. बाई शेडमदी माझ्यापुढं उभ्या ऱ्हायल्या आनि म्हनल्या, मिस्त्री, इंजिनचं काम झालंय, वायरिंग तुम्ही करा. मला उषाला बसवायचंय आणि ती फार दिवस थांबेल असं वाटत नाही. एवढंच बोलल्या. मला गलबलून आलं.

बोनट उघडलं तर वायरवरचं रबर हात लावला की भुगा. निम्मं उंदरांनी खाल्लेलं. आनि चार्जिंगला डायनॅमो. डायनॅमोचं कसं, गाडी पळतीय तवर दिवं झकास, थांबली की दिवं मरतात. बाईंना कर्जतहून यायला सांज व्हनार, मग मी म्हनलं बाई, डायनॅमो काढू, अल्टरनेटर बसवू, त्यो गाडी उभी असली तरी चार्जिंग देतो. पन त्यात बी एक गोम. ह्या जुन्या गाडीत बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला, आनि आजच्या सगळ्या गाड्यांत मायनस. ह्ये न बघता अल्टरनेटर लावला की त्यो जागेवर जळला म्हनून समजा. म्या बघितलं, सगळं उलटवून घेतलं, गेजच्या वायरी बदलल्या, अल्टरनेटरपासून बॅटरीपत्तुर जाड वायर टाकली, फ्यूज घातलं. छाती फुगली माजी. अवघड ते बरोबर केलं आनि सोप्यात माती खाल्ली.

आता खरं सांगतो, दडवून काय करू. माज्या डोळ्यात मोतीबिंदू हुता, दोनी. दीड वरीस मी कुनाला कळू दिलं न्हवतं. बायकोला, कमलला, संशय हुता, पन मी अंगावर जायचो. वायरवाल्याला रंग दिसंना म्हंजी मग ऱ्हायलं काय? उजेडात कसंबसं भागायचं, डॅशबोर्डखाली घुसलो की काळी आनि चॉकलेटी मला एकच. काळी म्हंजी बॉडीची, चॉकलेटी म्हंजी बॅटरीतून थेट येनारी, फ्यूजच्या आधीची, कायम करंट. म्या त्या दोनी एकमेकीला जोडल्या.

बाई बाजूला उभ्या. मला वाटलं बघू दे मिस्त्री कसा असतो, आनि कनेक्टर टेकवला न्हाई, सरळ बसवला अन् पान्यानं आवळला. चाळीस वर्सात पयल्यांदा! डॅशबोर्डखालनं धूर. पाना माज्या हातनं खाली पडला आनि मला त्यो सापडंना हो, समोर पडलेला, मी आपला फरशीवर हात चाचपतोय. बाईंनी पाना उचलला, कनेक्टर ढिला करून काढला, पदरानं नाक धरून. शेवटाला मी काय बोललो म्हाईत हाय का? म्हनलं वायरच खराब दिली दुकानदारानं.

 बाईंनी वायरीचं दोन तुकडं घेतलं, माज्यापुढं धरलं आनि म्हनल्या, मिस्त्री, यातली काळी कोणती? मी भडकलो. म्हनलं मी काय तुमचा इद्यार्थी हाय का, आनि हत्यारं तितंच टाकून घरी निघून आलो. तीन दिस दुकान बंद. कमलला म्हनलं अंग दुखतंय. चौथ्या दिशी ती ताट वाढता वाढता म्हनली, अहो, तुमाला दिसत न्हाई ह्ये मला कवाच कळलंय, भाजीतला कढीपत्ता मिरची म्हनून चावताय तुमी. लाज डोळ्याची कशाला, त्या म्हातारीची बहीन तिकडं वाट बघतीय, त्याची वाटू द्या. 

ताटावरनं तसाच उठलो, बाईंकडं गेलो. म्हनलं, बाई, चूक वायरीची न्हवती, माजी हुती. मला रंग दिसत न्हाई. तुमी दुसरा मिस्त्री बघा. बाई म्हनल्या, दुसरा कशाला, रंग मी सांगते, काम तुम्ही करा. आनि सत्तरीच्या वरच्या बाई, काय सांगू, डायवरच्या शिटावर बसून एकेक वायर माज्या हातात देत्यात, ही चॉकलेटी, ही निळी, ही हिरवी. वर्गात पाढं म्हनून घ्यावं तसं माज्याकडनं परत वदवून घ्यायच्या. जळलेलं सगळं काढलं, नवं टाकलं. आनि मी कमलच्या शिवनाच्या डब्यातलं रीळ आनलेलं, चाचाच्या पद्धतीनं गाठी मारत गेलो. चॉकलेटीला चार. काळीला एक बी न्हाई. आठ दिस लागलं. ह्या खेपी कनेक्टर टेकवला. वास घेतला. काही न्हाई. परत टेकवला. मग आवळला. बाईंनी चावी फिरवली, इंजिन चालू झालं, हेडलाइट लागला आनि इंजिन बारीक करून बघितलं तरी मंद झाला न्हाई.

कर्जतला गाडी बाईंनीच चालवली. मी शेजारी, पाना हातात. उषाताईला दोघांनी उचलून पुढच्या शिटावर बसवलं. तिनं नुसता हात फिरवला डॅशबोर्डवर आनि हॉर्न दाबला. मग दाबतच बसली, गल्लीतली मान्सं भाईर आली, आनि दोघी बहिनी अशा हसाय लागल्या की हसता हसता रडल्या. मी दुसरीकडं तोंड करून उभा ऱ्हायलो, मला बी राहवंना. येताना नगरच्या अलीकडं दिवं लावलं, गर्दीत गाडी उभी ऱ्हायली तरी लख्ख. बाई म्हनल्या, मिस्त्री, आता तो पाना ठेवा खाली. म्या ठेवला.

मागल्या म्हैन्यात उजव्या डोळ्याचं आपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर पयलं बाईंकडं गेलो, म्हनलं माजं काम मला एकदा बघू द्या. डॅशबोर्डखाली डोकं घातलं आनि बघतो तर काय, सगळ्या गाठी गुलाबी! म्या पांढरा दोरा समजून गुलाबी आनला हुता, कमलच्या झंपरचा. बाईंना म्हनलं, बाई, ह्ये तुमाला दिसलं न्हाई का? म्हनल्या, पहिल्याच दिवशी दिसलं. तुमचा हात चांगला चालला होता, मग कशाला बोलू?

मी म्हनलं बदलतो, चांगलं दिसत न्हाई. न्हाई म्हनल्या, राहू द्या. मग राहू दिलं. डाव्या डोळ्याची तारीख पुढल्या म्हैन्यातली हाय. त्यो झाला की परत कर्जत, उषाताईनं बजावून सांगितलंय, ह्या टायमाला उभ्या गाडीत बसवून भागायचं न्हाई, लांब चक्कर मारायची, मिस्त्रीनं मागं बसायचं, पुढं मी. बसंन की. सुखात ऱ्हावोत दोघी बहिनी.