सोलरचं तोंड रस्त्याकडे

जबाब देणार: नाव वेगळ्या पानावर घेतले आहे, गल्लीत टेलरबाई म्हणून ओळख, वय ४७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार फर्निचरच्या दुकानामागची गल्ली, दुमजली घर, वरचा मजला.

मी आज ठाण्यात आपणहून हजर होऊन, कोणी न सांगता-शिकवता जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझा नवरा व सासरे राहतो. खालच्या मजल्यावर धाकटा दीर व जाऊ राहतात. दीर लोकांना सरकारी योजना मिळवून देतो, म्हणून गल्लीत त्याला योजनासाहेब म्हणतात. तो ते कौतुक समजतो.

सासरे सुतार होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवी मूठ मिटलेली असते. चांगल्या गरम पाण्याच्या टबात हात बराच वेळ ठेवला की बोटे सुटतात. मग ते आपल्या हाताने कप धरून चहा पितात. एरवी भरवावे लागते. भरवलेले त्यांना खपत नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर दिराने घरावर पाणी तापवायचा सोलर बसवायचे ठरवले. अर्धी किंमत सरकार देते, अट अशी की जुना विजेचा गिझर जमा करायचा. मी म्हटले, आधी पाणी तापते का बघू, मग गिझर द्या. त्यावर दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही ब्लाउजची मापं घ्या. सूर्याचं आम्ही बघतो." गिझर त्याच दिवशी गेला.

दिराने सूर्याचे काय बघितले ते सांगते. तपासणीचे साहेब कोणाच्या गच्चीवर चढत नाहीत. ते गाडीत बसून, काच अर्धी खाली करून, रस्त्यावरून फोटो काढतात. फोटोत सोलरच्या नळ्या समोरून दिसल्या की अनुदान मंजूर. म्हणून आमच्या गल्लीत झाडून सगळ्या सोलरची तोंडे रस्त्याकडे आहेत. रस्त्याच्या बाजूला समोरच्या उंच गोदामाची सावली दिवसभर हलत नाही. ऊन मागच्या बाजूला पडते. तिथे आम्ही चादरी वाळत घालतो. चादरी उत्तम वाळतात.

पाणी पहिल्या दिवसापासून गार. दिराला सांगितले तर म्हणाला, "नवीन आहे हो, त्यालाही सवय व्हावी लागते." हे तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, तसेच लिहून घ्यावे. शेजारणींना विचारले. जी ती म्हणे, छे गं, आमच्याकडे तर चटका बसतो. प्रत्येकीच्या गॅसवर आंघोळीच्या पाण्याचे पातेले मी या डोळ्यांनी पाहिले. अनुदान घेतल्यावर पाणी गार आहे म्हणायची त्यांना लाज वाटते, थापा मारायची वाटत नाही.

मीही पातेल्यात पाणी तापवू लागले. पण एका पातेल्याने टब भरत नाही आणि दुसरे तापेपर्यंत पहिले निवते. मागच्या आठवड्यात घाईने नेताना उकळते पाणी माझ्या पायावर सांडले. सासऱ्यांनी ते पाहिले. "पुरे झालं हे सुनबाई," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी टबात हात घातला नाही आणि चहाही सोडला.

मी पुन्हा दिराकडे गेले. फक्त तोंड फिरवा म्हटले. तो म्हणाला, "सील आहे त्याला. फोटोत आहे तसंच ठेवावं लागतं, नाहीतर अनुदान परत जाईल. आणि बाबांना भरवायला तुम्ही आहात की." जाऊ हसली. माझा नवरा तिथेच उभा होता. तो धाकट्या भावापुढे कधी तोंड उघडत नाही.

रविवारी दीर व जाऊ लग्नाला गेले असता मी टाकी रिकामी केली, शिवणाच्या कात्रीने सीलची तार कापली व सोलर उन्हाकडे फिरवला. दिराने अनोळखी चोराविरुद्ध तक्रार दिली आहे. चोर सोलर पळवतो, त्याची दिशा सुधारून जात नाही, एवढे तरी योजनासाहेबांच्या डोक्यात यायला हवे होते. तो अनोळखी इसम म्हणजे मी.

एवढा जड सांगाडा एकट्या बाईला हलत नाही, असे अंमलदारांचे म्हणणे आहे. माझे सांगणे की मी एकटीच होते. नवऱ्याच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या आहेत, त्या दारात हात चेमटल्याने. दोन्ही हात एकदम कसे चेमटले ते मला ठाऊक नाही.

काल नळाला वाफाळते पाणी आले. टब एका दमात भरला. सासऱ्यांची बोटे एकेक करून सुटली. मला फार बरे वाटले, हेही लिहावे. सोलर पुन्हा रस्त्याकडे फिरवायचा हुकूम निघालाच तर तो दिराने स्वतः गच्चीवर चढून, वडिलांच्या देखत पाळावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. 'गाढव' हा शब्द अंमलदारांनी दोन ठिकाणी गाळला, त्यास माझी हरकत नाही, माणूस कळतोच. नवरा बाहेर बाकावर बसला आहे. त्याला काही न विचारता घरी सोडावे, सासऱ्यांच्या चहाची वेळ झाली आहे. त्याने नुसता चहा ओतून दिला तरी पुरे. कप सासरे धरतील.