नाक गुलाबी, आळ रंगाऱ्यावर

...आणि चूक कुणाची? माझी! कुत्र्याच्या नाकाचा रंग उडाला, चूक माझी! का, तर मी रंगारी! तुम्हाला सांगतो, आमचा कोळसा, शेंडीपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट, आणि आठवड्याभरात नाक गुलाबी, ओठांच्या कडा गुलाबी! आमची ही कमरेवर हात ठेवून, "तुमच्याच डब्यात तोंड घातलं असणार त्यानं! झाकण लावायला काय होतं?" अहो, तीस वर्षं भिंती रंगवतोय, रंग लागलेला कुठला नि उडालेला कुठला, मला कळत नाही होय? पण ऐकतंय कोण!

तेवढ्यात डोळे लाल. उजेडात आला की मिटून घ्यायचा. आणि एका सकाळी धाडकन दारावर आपटला... उघड्या दारावर हो! ब्रश टाकला, ते धूड खांद्यावर मारलं आणि थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, ही मागोमाग!

बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. "याच्या शरीरातली फौज याच्याच रंगावर उठलीय. डोळ्यातला रंग, नाकातला रंग, सगळीकडे हल्ला. आधी डोळे वाचवू, नाकाचं नंतर बघू." मी म्हटलं, "म्हणजे डब्याचा संबंध नाही ना? हिला जरा मोठ्यानं सांगा!" तर बाई म्हणतात, "चार दिवस आधी का नाही आणलंत?" घ्या! चूक कुणाची? माझी!

मग गोळ्या, वर दिवसातून चारदा थेंब. मी कुत्र्यावर, कुत्रा माझ्यावर, आणि ही लांबून, "डोळ्यात घाला, कानात नव्हे!" गोळ्यांनी भूक अशी खवळली की माझं ताट साफ! उघडं ठेवलं कुणी? मीच! आणि ही दिवसभर टाळ्या वाजवत त्याच्या पुढे चालायची, कुठे आपटू नये म्हणून. एकदा जिन्यात त्याला कुशीत घेऊन रडत होती. मला बघून म्हणते, "तुमच्या रंगाची वाफ डोळ्यात गेली." म्हटलं, असेल... चूक माझी.

तेविसाव्या दिवशी मी घरचीच भिंत रंगवली. अजून ओली होती, आणि कडेनं एक पाल सरसरत गेली. ना आवाज, ना वास! पण पाल डावीकडे, कोळशाची मान डावीकडे! पाल वर, मान वर! आणि अशी झेप घेतली, अशी घेतली... पुढचे दोन्ही पंजे माझ्या ओल्या भिंतीवर! ही किंचाळली, "दिसलं! अहो, दिसलं त्याला!" नाचलो हो आम्ही, या वयात, पंख्याखाली गोल गोल!

नाक अजून गुलाबीच आहे. गोळ्या बहुधा जन्मभर. आणि भिंत? पंजांचे ठसे बुजवायला मी ब्रश उचलला तर ही आडवी, "खबरदार हात लावलात तर!" आता येणारा जाणारा त्या भिंतीपुढे उभा राहतो, कौतुकानं मान डोलावतो... तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या घरातल्या रंगकामाची तारीफ होतेय, आणि ते काम कुत्र्याचं!