पयलं हँडल

१९३६ साली अकोल्याला, अकोटच्या मोटारीच्या रांगेत माझ्यापुढे दोघे बोलत होते. मोडकी मोटार घेऊन ती घरीच नीट करू पाहणारे अकोटचे उत्तमराव ती अर्धवटच विकायला निघाले होते. तेल्हाऱ्याचे भाजीवाले सूर्यभान यांना तिचं इंजिन हवं होतं, मळ्यातल्या विहिरीवर पंप चालवायला.

"पाचशे खर्चले भाऊ, अन् तुमी दोनशे म्हनता!"

"चार वर्सांत एकदा तरी चालू झाली का?"

"चालू कशी होईन? इंजिनाले हातच नाही लावला. आदी लाकडाचा सांगाडा केला, मंग गादी, मंग पडदे."

"काहून?"

"पडद्याची दमणी कशी बनवतो आपन? आदी गाडी सजवतो, मंग बाजारातून बैल आनतो."

"इंजिन का बैल हाय, उत्तमराव?"

"आता समजलं न मले!"

"मंग दोनशे पक्के?"

"दीडशेच द्या. पन पयलं हँडल मी मारीन."

"मारा न! अकोटले उतरलो का लगेच मारा. मलेबी समजन, चालते का नाही."

"तिथं नाही. तुमच्या हिरीवर मारीन."

"असं काहून?"

"माह्या अंगनात चालू झालं, तं मी इकनार नाही."