मास्क घसरला

नाही वहिनी, खरी बंदूक नाही हो ती, किती वेळा सांगू — एअरसॉफ्ट, खेळातली, प्लास्टिकचे छर्रे, मटारच्या दाण्याएवढे, पुढे केशरी टोक, कायद्यानंच असावं लागतं ते, म्हणजे दुरून बघून कुणी घाबरून पोलिसांना फोन करू नये. अंगावर लागला तर मुंगी चावल्यासारखं, बस. डोळ्याचं वेगळं. डोळ्याला लागला तर — म्हणून तर मास्क. फील्डच्या गेटच्या आत पाऊल टाकलं की मास्क काढायचाच नाही, घाम येवो, काच धुरकट होवो, नाक खाजवो. दर रविवारी मीच तर ओरडून सांगतो सगळ्यांना, आपल्या शॉमबर्गच्या ग्रुपचा सेफ्टी ऑफिसर मीच ना! चार वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. विचारा तुमच्या अनीशला. म्हणजे — बाहेर आणला की विचारा.

डोळ्याच्या ऑपरेशनला वेळ लागतोच हो. वेळ लागतोय म्हणजे वाईटच असतं असं काही नाही. कॉफी आणू? नको. बरं. मग हा फॉर्म तेवढा बघून टाका — फील्डवाल्याला आजच पाहिजे, अनीश शुद्धीवर नाही म्हणून बायकोची सही. मी भरलाय सगळा. 'खेळताना धावता धावता मास्क घसरला, छर्रा लागला.' एवढंच. खेळात लागलं की अपघात, विषय संपला. नाहीतर चौकशी, पोलीस, कुणी कुणावर रोखली — आणि माझं ग्रीन कार्ड बारा वर्षांनी आत्ता कुठे — असो, माझं जाऊ द्या. तुमच्याच भल्याचं सांगतोय मी.

कुंकू? हो, होतं ना त्याच्या कपाळावर. दसरा नाही का! झाला गुरुवारी, पण इथे आपले सगळे सण वीकेंडलाच. दरवर्षी घरी लॅपटॉपला नि गाडीला फुलं वाहतो, म्हटलं यंदा खरी शस्त्रपूजा करू — खरी म्हणजे, कळलं ना — झाडाखाली ओळीने मांडल्या सगळ्या बंदुका, आमच्या नेत्राने घरून झेंडूची माळ करून दिली होती, मस्त दिसत होतं. मग सगळ्यांना कुंकू. आता मास्क घातलेल्या माणसाला कुंकू कसं लावणार, सांगा? काढावा लागतो ना मिनिटभर.

हो. गेटच्या आतच. पार्किंगमध्ये कुठे चांगला फोटो येतो! अनीश नको म्हणत होता — "अरुण, इथे नको रे, बाहेर जाऊ," दोनदा म्हणाला. मी म्हटलं, भित्र्या, सेफ्टी ऑफिसर मी की तू? सगळ्यांची मॅगझिनं काढलीत, मी बघितलंय. आणि काढली होती हो! आईशप्पथ काढली होती. पण एखादा छर्रा नळीत अडकून राहतो, मॅगझिन काढलं तरी राहतो, म्हणून आधी जमिनीवर दोन बार मारून बंदूक रिकामी करायची, हेही मीच शिकवतो सगळ्यांना. आज फोटोची घाई. कुणीतरी म्हणालं पोझ द्या, मी उचलली, रोखली — गंमत हो वहिनी, नुसती गंमत, तो हसत होता —

असं बघू नका. शिव्या द्या.

भीती वाटते हो मला. त्याच्या डोळ्याची नंतर वाटली, आधी स्वतःची वाटली, अँब्युलन्स यायच्या आत हा फॉर्म मागून घेतला मी. काय माणूस आहे मी! द्या तो कागद इकडे. खोडतो. 'मास्क अरुणने काढायला लावला. बंदूक अरुणची. ट्रिगर अरुणनेच ओढला.' हे घ्या. खाली सही पण माझी. तुम्ही नका करू कुठे.

नर्स तुमचं नाव घेतेय. चला, मी पण येतो, लांबूनच — नको? दारापर्यंत? त्याला एवढंच सांगायचंय की —

बरं. बरं वहिनी. जातो.