पाहुण्यांची खोली

बोटोशानी शहरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात इलिंका रांगेत उभी होती. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याची चांगलीच जुंपली होती.

“जावयानं डिस्कचे दोन भाग करून दिले होते ना, सावेता? सी मशीनला, डी आपल्या फोटोंना. सी पुसावं लागलं तरी डीला धक्का नाही.”

“ठाऊक आहे हो.”

“मग नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो सीमध्ये काय करत होते?”

“रोजचा पसारा मी तिथंच टाकत होते. डी कसं स्वच्छ, रिकामं ठेवलं होतं!”

“रिकामं कशाला?”

“आपली पाहुण्यांची खोली कशाला रिकामी असते? लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातच बसतो ना आपण? तिथल्या गादीला कधी हात लावू दिलाय तुम्हाला?”

“आता पुसलं या दुकानदारानं सी. गेलं सगळं!”

“सगळं नाही काही. एक फोटो डीमध्ये जपून ठेवला होता. तुमचा, कोटातला.”

“माझा?” म्हाताऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. “एवढ्या सगळ्यांतून माझाच?”

“हो. थडग्यावर लावायला. त्या दिवशी तुम्हाला निजवायला ती पाहुण्यांची खोलीसुद्धा उघडीन.”